पानवालीच्या गालात

१२ फेब्रुवारी २००२, मंगळवार. काकिनाडा

"दर्यात जीव टाकणाऱ्या माझ्या भावांनो, धक्क्यावर हात सोलणाऱ्या माझ्या बहिणींनो! तुम्ही समुद्रातून आई आणता, आणि हॅचरीवाला तिला वांझ म्हणून तुमच्याच पाटीत परत टाकतो!"

इथे टाळ्या. मी मुद्दाम श्वास घ्यायला थांबलो होतो, म्हणजे टाळ्या येणारच.

भाषण छान झालं. मच्छीमार संघाचा चिटणीस म्हणून गेल्या दहा वर्षांतलं सर्वांत चांगलं. लोकांचं दुखणं खरं आहे. अंड्यांनी भरलेली मोठी वाघ-कोळंबी आमच्या होड्या जिवंत आणतात, एकेका पिशवीत एकेक, पोर न्यावं तशी. तिला सगळे 'आई' म्हणतात. हॅचरीच्या टाकीत ती अंडी घालते, त्या पिल्लांवर साऱ्या जिल्ह्याची तळी चालतात. आणि संक्रांतीपासून राजूगारूंच्या हॅचरीने पानवाल्या घेणं बंद केलं आहे!

पानवाली म्हणजे एका बाजूचा गाल फुगलेली. विडा तोंडात ठेवून बसलेल्या म्हातारीसारखी दिसते. आमच्या वस्तीत तिला फार मान. मोसमातल्या पहिल्या पानवालीला हळदकुंकू लावून दर्यात सोडतात. इतरांची अंडी पाठीत, हिची गालात. कवचातून पिवळी दिसतात सुद्धा. दर्याची देवी गंगम्मा, तिने हिला जास्तीचं दिलं, असं म्हणतात. आणि राजूगारू म्हणतात, "कीड आहे. या अंडी घालत नाहीत."

"कीड कोळंबीच्या गालात नाही, राजूगारूंच्या चष्म्यात आहे!" — हे वाक्य आज पाच वेळा ऐकू आलं. लोकांच्या तोंडून, माझ्या नव्हे.

अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, मात्र आजच चार पानवाल्या बाजूला काढल्या होत्या. तीस वर्षं ती धक्क्यावर हेच काम करते. आई तळहातावर घ्यायची, पोटाखालून बॅटरी लावायची, पाठीतली अंड्यांची हिरवी रेघ बघायची आणि हो किंवा नाही म्हणायचं. तिचा शब्द होडीवालाही मानतो, हॅचरीवालाही. आज म्हणाली, "या खायला चांगल्या. आई म्हणून देऊ नका, आपलं नाव जाईल." सगळ्यांसमोर! मग मलाही बोलावं लागलं. नाव घेतलं नाही. "आपल्यातलेच काही हात हॅचरीची भाषा बोलतात," एवढंच. नाव घ्यायची गरज नव्हती. सगळ्या माना तिकडेच वळल्या.

कालचं पान फाडलं. शाई सांडली होती.

१३ फेब्रुवारी

भिंतीपलीकडून अक्काची पुलुसूची, म्हणजे चिंचेच्या कालवणाची, वाटी आली नाही. बायको वारल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. गडबडीत असेल.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

वाटी नाहीच. शेवटी मीच भिंतीशी गेलो. अक्का चिंच कोळत होती. मान वर न करता सुरू!

"अरे सर्वा, आयुष्यात किती कोळंब्या हातात घेतल्यास रे तू? ताटातल्या सोडून सांग."

"प्रश्न कोळंबीचा नाही, अक्का. प्रश्न स्वाभिमानाचा आहे."

"कोळंबीच्या?"

हिच्याशी वाद घालणं म्हणजे ओल्या दोरखंडाला गाठ मारणं. तरी मी विचारलं, "गालात अंडी दिसतात की नाही?"

"दिसतात की! कोणाची, ते विचार."

"म्हणजे?"

"तीस वर्षं बॅटरी लावते मी. पानवालीच्या पाठीत हिरवी रेघ एकदा नाही बघितली. एकदा! बाई खाते, पिते, अंगाने भरते, कात टाकते. आणि पाठ कोरी. अंडी जिच्या मालकीची ती कोणीतरी गालात बसली आहे. ही नुसती घर भाड्याने देऊन बसलीय."

"तू उघडून बघितलंस?"

"गंगम्मेची म्हणून आपल्यात कोणी उघडत नाही. मीसुद्धा नाही." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तू तर देव मानत नाहीस. बघ की तू उघडून!"

मी विषय बदलला. जपानच्या बाजारपेठेवर बोललो. दोनतीन पुस्तकांचे दाखले दिले. ती चिंचेचं भांडं घेऊन आत गेली.

१८ फेब्रुवारी, सोमवार

आज देवळाच्या ओट्यावर वस्तीची बैठक. ठराव दोन. एक — राजूगारू पानवाल्या घेईपर्यंत एकही आई हॅचरीला द्यायची नाही. दोन — तोवर नूकारत्नम्मेने, म्हणजे माझ्या अक्काने, कुठल्याही आईला हात लावायचा नाही.

पहिला ठराव माझा. दुसरा वस्तीचे वडीलधारे पोलय्या यांचा. मी विरोध केला नाही. संघाचा चिटणीस स्वतःच्या बहिणीसाठी तोंड उघडणार? लोक काय म्हणतील! हे कारण किती सोयीचं आहे, हे लिहिताना कळतं. बोलताना कळत नाही.

भाषणात मी काय म्हणालो, ते इथे लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी मला ते कधी सुनावणार नाही — "गंगम्मेने दिलेलं वांझ म्हणणारे हे कोण?" मी! ज्याने देवळाच्या याच ओट्यावर पंधरा वर्षांपूर्वी देव ही माणसाची भीती आहे, यावर दोन तास व्याख्यान दिलं! पोलय्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "मास्तर, शेवटी गंगम्मा आईने तुम्हाला जवळ घेतलंच." मी मान खाली घातली. लोकांना ती भक्ती वाटली.

अक्का ओट्याच्या कोपऱ्यात बसली होती. ठराव वाचला तेव्हा कमरेची बॅटरी काढून पोलय्यांच्या पायाशी ठेवली आणि गेली. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर उत्तर तयार होतं.

२० फेब्रुवारी

बहिष्काराचा दुसरा दिवस. आई कोळंब्या ठेवायच्या कुठे, हा विचार ठरावात राहून गेला. घराघरांतून घमेली, बादल्या, लग्नातली पातेली भरली आहेत. संध्याकाळपर्यंत निम्म्या मेल्या. आज वस्तीत सगळ्यांकडे जेवायला तेच. अंड्यांनी भरलेली आई, गोंगुऱ्याच्या आंबट भाजीत! एक तांडेल हात चाटत मला म्हणाला, "मास्तर, लढा असाच चालू द्या."

२३ फेब्रुवारी, शनिवार

राजूगारू स्वतः धक्क्यावर आले. पांढरा सदरा, पांढरी चप्पल. कोळंबीत आयुष्य काढलेल्या माणसाची चप्पल पांढरी कशी राहते, हा प्रश्न मी तीन सभांत विचारला आहे. बरोबर एक मुलगी, डोळ्यांवर जाड चष्मा. हैमवती. विशाखपट्टणमला मत्स्यशास्त्र शिकून आली आहे.

मी नेहमीसारखा सुरू झालो. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. हे मला आवडलं नाही. विरोधकाने मध्ये तोंड घालायला हवं, त्याशिवाय रंग चढत नाही. मग म्हणाले, "मास्तर, तुमच्यासारखं बोलता मला येत नाही. बारा पानवाल्या द्या. माझ्या टाकीत वेगळ्या ठेवतो. कुलूप पोलय्यांचं, किल्ली पोलय्यांकडे. पिल्लं झाली तर यापुढे दर पानवाली घेईन, वर सगळ्यांसमोर माफी मागेन."

"आणि नाही झाली तर?"

"तर काहीच नाही. तुम्ही नुसतं बॅटरीवाल्या बाईंना परत धक्क्यावर उभं करा. त्या नसल्या तर आम्हालाही काम जमत नाही."

सगळे माझ्याकडे बघू लागले. हो म्हणायचं सोडून मला काय करता येणार होतं? "मंजूर!" असं ओरडलो. इतक्या जोरात, की हैमवतीचा चष्मा घसरला. मोठ्याने ओरडलं की भीती बाहेर दिसत नाही, हा माझा जुना अनुभव.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

बारा पानवाल्या टाकीत. कुलूप, कुलपाला हळद, कुंकू आणि लिंबू. राजूगारूंनी चप्पल काढून नमस्कार केला. हा माणूस नमस्कारही नीट करतो!

येताना बाजारात अक्का दिसली. सुकी मासळी घेऊन बसली होती. उन्हात. जिच्या नजरेवर अख्ख्या धक्क्याचा व्यवहार चालायचा, ती सुकटीवरच्या माश्या हाकलत होती. मी हाक मारली नाही. मारली असती तर तिने ओ दिली असती, म्हणून.

१ मार्च, शुक्रवार

झाली! पिल्लं झाली!

पोलय्यांनी कुलूप काढलं आणि आम्ही वाकलो तर टाकीतलं पाणी जिवंत! उन्हाच्या तिरिपीत धूळ हलावी तसे हजारो ठिपके वळवळत होते. पोलय्या तिथेच गुडघ्यांवर बसले. बायांनी एकच गिल्ला केला. मी कट्ट्यावर चढलो. माईक नव्हता, लागलाही नाही. "आजपासून विज्ञान कोणाकडे आहे, ते या पाण्याला विचारा!"

हैमवती म्हणत होती, "मास्तर, एक मिनिट, मला आधी बघू तर द्या." तिला खांद्यांनी बाजूला सारण्यात आलं. मी थांबवलं नाही.

काय हलकं वाटलं! म्हणजे ते तसं नव्हतंच तर. माझीच नजर फसली असेल.

२ मार्च, शनिवार

आज सकाळी हैमवतीने तिचं दुर्बिणीसारखं यंत्र हॅचरीच्या ओसरीत मांडलं. पोलय्यांनाच बसवलं पहिल्यांदा.

"आजोबा, कोळंबीचं नुकतं जन्मलेलं पिल्लू आधी बघा. हे माझ्याकडचं, दुसऱ्या आईचं. पाय किती?"

पोलय्यांनी एक डोळा मिटून मोजले. "तीन इकडे, तीन तिकडे."

"आता हे, पानवालीच्या टाकीतलं."

पोलय्यांनी डोळा पुसून परत लावला. मग, "अगं पोरी, हे तर ढेकूण आहे!"

सगळ्यांनी ओळीने बघितलं. प्रत्येक जण डोळा लावून उठला की माझ्याकडे बघायचा, आणि चटकन दुसरीकडे. मी सर्वांत शेवटी. गोल अंगाचं, भराभर पाय हलवणारं. ढेकूणच!

पोलय्यांनी कापूर लावला, गंगम्मेची क्षमा मागितली आणि मगच हैमवतीने एका पानवालीचं गालावरचं कवच उचललं. आत चपटा, वाकडा किडा. पोटाखाली खसखशीसारखी अंडी. कल्ल्याला चिकटून रक्त पितो. कोळंबीला मारत नाही, हैमवती म्हणाली. ती खाते, वाढते, जगते. फक्त तिची स्वतःची अंडी होत नाहीत. सगळं बळ ह्याच्या पिल्लांना. "आणि हा बघा, हिच्या पोटाला चिकटलेला बारका ठिपका. हा हिचा नवरा."

"तो काय करतो?" कोणीतरी विचारलं.

"काही नाही. तिच्या जिवावर असतो."

"म्हणजे संघाचा चिटणीस!" दारातून आवाज आला. अक्का! बाजाराला जाता जाता थांबली होती, डोक्यावर पाटी. सगळे हसले. मीही हसलो. पण इतरांचं हसणं संपल्यावर माझं तेवढं मागे राहिलं.

लाज वाटावी असं आणखी एक — तो किडा बघताना माझ्या मनात पहिला विचार आला तो भाषणाचा! रक्त पिणारा, मारत नाही, फक्त वांझ करतो! दलालांवरच्या भाषणात काय चपखल बसेल! मग आठवलं, की आज भाषण माझं नाही.

५ मार्च, मंगळवार

बहिष्कार मागे. मी ओट्यावर उभा राहून चूक कबूल केली. "माझ्या अज्ञानाची शिक्षा मला द्या," असं म्हणालो. शब्द नीट निवडून घेतले होते. काय टाळ्या! १२ तारखेपेक्षा जास्त. बायांनी डोळे पुसले. पोलय्यांनी मिठी मारली, "मास्तर, तुम्हाला कुठं माहीत होतं! आम्ही सगळेच तसं मानत होतो. चूक कबूल करणारा माणूस आहे कुठं आजकाल?"

हरलो तरी जिंकलो. हे मला नेहमी जमतं.

७ मार्च, गुरुवार

अक्काला धक्क्यावर परत बोलावायचं तर त्यावरही बैठक! आणि बैठकीत वारं फिरलं. कोणी फिरवलं कळलं नाही, वाऱ्याचं तेच तर असतं. एक जण म्हणाला, "तिला तीस वर्षं माहीत होतं, मग आधी का नाही दाखवलं?" दुसरा, "मास्तर बिचारे तोंडघशी पडले. सख्खा भाऊ! तिला कळत असून गप्प बसली." तिसरी एक बाई, जी स्वतः अक्काच्या हाताखाली शिकली, "देवीचं अंग उघडं पडलं ते हिच्याच हट्टापायी."

गप्प बसली! जी धक्क्यावर सर्वांसमोर बोलली, म्हणून जिचा हात बंद केला, ती गप्प बसली!

निकाल असा. मास्तरांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांना दोष नाही. नूकारत्नम्मेला माहीत होतं, म्हणून दोष तिचा. शनिवारी सकाळी सात वाजता तिने ओट्यावर वस्तीची आणि माझी — माझी! — हात जोडून माफी मागायची. मग बॅटरी परत मिळेल.

मी उठून दोन वाक्यं बोललो. सौम्य. "असं नको, मोठी आहे ती," वगैरे. पोलय्या म्हणाले, "हाच तुमचा मोठेपणा, मास्तर." मी बसलो.

८ मार्च, शुक्रवार

दुपारी भिंतीवर टक टक. पुलुसूची वाटी! ती पलीकडे उभी होती, नेहमीसारखी, पदराने हात पुसत.

"अक्का, उद्या जाऊ नकोस."

"मग काय सुकट विकत बसू? माझे डोळे अजून चांगले आहेत, सर्वा. चार वर्षं तरी चालतील. हात जोडायला किती वेळ लागतो!"

"माफी कशाची मागणार तू?"

"ते तूच लिहून दे की! तुला चांगलं जमतं." हसली. मग भिंतीवरून हात पुढे करून माझ्या डोक्यावर ठेवला. लहानपणी ठेवायची तसा, कोळंबीचा वास असलेला. "मनाला लावून घेऊ नकोस. मी हॅचरीची भाषा बोलते म्हणालास तेव्हा वाईट वाटलं. पण तुला कुठं माहीत होतं?"

वाटी समोर आहे. निवली. मसाल्याचा एक थर वर जमला आहे. एक घास गेला नाही.

९ मार्च, शनिवार. सकाळचे सहा

फाडलेलं पान आठवेल तसं पुन्हा लिहितो —

११ फेब्रुवारी. धक्क्यावर कोणी नव्हतं. पाटीत एक मेलेली पानवाली राहिली होती. मी देव मानत नाही, म्हणून अंगठ्याच्या नखाने गाल उघडला. आत किडा. पाय मोजले. चौदा. परत मोजले. अक्का म्हणते ते खरं निघालं. पण उद्याची सभा ठरली आहे, भाषण पाठ झालं आहे, आणि ते फार छान झालं आहे.

बस. एवढंच होतं त्या पानावर. शाई सांडली नव्हती.

सात वाजायला अजून वेळ आहे. ऊठ, सर्वेश्वरराव. हे पान फाडून खिशात घाल, माईक मागू नकोस, प्रस्तावना करू नकोस. अक्का हात जोडायच्या आत ओट्यावर चढ आणि वाच.